अभिजात मोटारींतील कालसुसंगत रेडिओ

अभिजात मोटारींतील कालसुसंगत रेडिओ म्हणजे एखादी जुनी मोटार ज्या काळात तयार झाली, त्याच काळात त्या प्रकारच्या मोटारीत कारखान्याने, विक्रेत्याने किंवा मालकाने बसवला असता असा रेडिओसंच. जुन्या मोटारींच्या, विशेषतः दोन आसनी क्रीडामोटारींच्या, पुनरुज्जीवनात असा संच शोधणे, तो दुरुस्त करणे आणि मोटारीला इजा न करता बसवणे हे स्वतंत्र कौशल्याचे काम मानले जाते. संच दिसायला योग्य असून भागत नाही. त्याचा विद्युतदाब, ध्रुवता आणि त्यावर ऐकू येणारे तरंगपट्टे हेही मोटारीशी व वापराच्या प्रदेशाशी जुळावे लागतात.

संकल्पना

कालसुसंगत संचाचे साधारण तीन प्रकार केले जातात. पहिला, कारखान्यातूनच मोटारीबरोबर आलेला संच. दुसरा, मोटार विकताना विक्रेत्याने बसवलेला संच. तिसरा, त्याच काळात बाजारात मिळणारा आणि मालकाने नंतर बसवून घेतलेला संच. १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेल्या एमजी टीसीसारख्या साध्या क्रीडामोटारींत कारखान्याने रेडिओसाठी जागाच ठेवली नव्हती. अशा मोटारीत रेडिओ नसणे हीच मूळ स्थिती होय. याउलट १९५५ पासून निघालेल्या एमजीए या मोटारीच्या डॅशबोर्डवर मधोमध स्पीकरची जाळी होती. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन मोटारींसाठी ‘योग्य रेडिओ’ या प्रश्नाची उत्तरे वेगळी येतात.

मोटार रेडिओचा विकास

अमेरिकेतील गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या नावाने मोटार रेडिओ बाजारात आणला. पुढे हेच नाव कंपनीने स्वतःसाठी घेतले. युरोपात ब्लाउपुंक्टने १९३२ मध्ये ‘ऑटोसुपर एएस ५’ हा संच सादर केला. हे आरंभीचे संच अवजड होते. मुख्य पेटी आसनाखाली किंवा डॅशबोर्डमागे ठेवून सुकाणूजवळच्या छोट्या नियंत्रकाने संच चालवला जाई.

त्या काळातील संच व्हॉल्व्हवर चालत. व्हॉल्व्हला सुमारे दोनशे व्होल्ट दाब लागतो, तर मोटारीची बॅटरी सहा किंवा बारा व्होल्टची असते. ही तफावत भरून काढण्यासाठी ‘व्हायब्रेटर’ वापरत. हा कंप पावणारा विद्युतचुंबकीय खटका बॅटरीचा एकदिश प्रवाह सेकंदाला शंभरच्या आसपास वेळा तोडून ट्रान्सफॉर्मरला पुरवतो. संच सुरू केल्यावर येणारी बारीक गुणगुण याच भागाची असते.

ब्लाउपुंक्टने १९५२ मध्ये एफएम पट्टा असलेला मोटार रेडिओ आणला, तर बेकर कंपनीचा ‘मेक्सिको’ हा संच १९५३ पासून केंद्र आपोआप शोधण्याच्या सोयीसाठी प्रसिद्ध झाला. क्रायस्लर आणि फिल्को यांनी १९५५ मध्ये पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार रेडिओ जाहीर केला. मधल्या काही वर्षांत बारा व्होल्टवर चालणारे व्हॉल्व्ह आणि शेवटच्या टप्प्यात एक ट्रान्झिस्टर अशी मिश्र रचनाही प्रचलित होती. ब्रिटनमध्ये स्मिथ्स आणि एचएमव्ही यांच्या भागीदारीतील ‘रेडिओमोबाइल’ हे नाव तेथील मोटारींत सर्रास दिसे. दोन बाजूंना दोन गोल बटणे आणि मध्ये तबकडी ही मांडणी दीर्घकाळ टिकली. पुढे जर्मन मानकानुसार १८० गुणिले ५० मिलिमीटर मापाचा आयताकृती संच रूढ झाला. त्यामुळे १९६० च्या मोटारीत असा आयताकृती संच दिसला, तर तो नंतर बसवलेला आहे हे जाणकार लगेच ओळखतात.

भारतीय संदर्भ

भारतात मोटार जुळणीची सुरुवात मुंबईत झाली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणी कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात आधी क्रायस्लर समूहाच्या व नंतर फियाटच्या मोटारी तयार झाल्या. १९५० च्या दशकात आयातीवर कडक निर्बंध आले. त्यामुळे परदेशी क्रीडामोटारींची संख्या मर्यादित राहिली आणि त्यांच्यासाठीचे मूळ सुटे भाग मिळणेही कठीण झाले.

त्या काळातील श्रोत्याला काय ऐकायचे होते, यावरही योग्य संच ठरतो. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. १९५२ नंतर हिंदी चित्रपटगीतांसाठी भारतीय श्रोते लघुलहरींवरील रेडिओ सिलोनकडे वळले. आकाशवाणीची विविध भारती सेवा ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली. गोव्यातील पोर्तुगीज काळातील ‘एमिसोरा द गोवा’ हे केंद्र १९६१ च्या मुक्तीनंतर आकाशवाणीचे पणजी केंद्र झाले. म्हणून भारतात वापरल्या गेलेल्या मोटारीत केवळ मध्यम लहरींचा संच न बसवता लघुलहरींचा पट्टा असलेला संच बसवणे हेही कालसुसंगतच ठरते. काही जर्मन संचांना लघुलहरींसाठी वेगळी जोडपेटी मिळत असे.

रेडिओसंच बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घेण्याची पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत होती. कुटुंबात अशी जुनी परवानापुस्तिका जपलेली असल्यास संचाच्या बनावटीचा तो चांगला पुरावा ठरतो.

संचाची निवड व शोध

शोधाला सुरुवात करण्यापूर्वी मोटारीचे उत्पादनवर्ष, विद्युतदाब, ध्रुवता आणि डॅशबोर्डमधील मोकळ्या जागेचे माप नोंदवणे आवश्यक असते. कंपनीची त्या वर्षीची माहितीपत्रके, सुट्या भागांची यादी आणि मालकाच्या कुटुंबातील जुनी छायाचित्रे यांतून कोणता संच वापरात होता हे समजते.

मुंबईत चोरबाजारातील मटण स्ट्रीट, कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरील जुन्या सुट्या भागांची दुकाने आणि पुण्यातील जुना बाजार येथे असे संच अधूनमधून मिळतात. व्हॉल्व्ह, कंडेन्सर व इतर भागांसाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, प्रसिद्ध आहे. संच घेताना पुढील गोष्टी तपासतात: तबकडीची काच व त्यावरील अक्षरे, बटणे व त्यांच्या मागील कड्या, बसवण्याच्या पट्ट्या, वेगळी वीजपेटी असल्यास ती आणि तिची तार. आतील कंडेन्सर बदलता येतात. परंतु फुटलेली तबकडी किंवा हरवलेली वीजपेटी पुन्हा मिळवणे अवघड असते. त्यामुळे बंद पण पूर्ण संच हा चालू पण अपूर्ण संचापेक्षा अधिक मोलाचा समजतात.

विद्युतदाब व ध्रुवता

१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक मोटारीच्या सांगाड्याला जोडलेले असे. फियाटसह इतर बहुतेक युरोपीय मोटारींत ऋण टोक सांगाड्याला असते. जॅग्वार ई-टाइपच्या ३.८ लिटर मोटारी धन-अर्थिंगच्या होत्या, तर १९६४ मध्ये आलेल्या ४.२ लिटर मोटारी ऋण-अर्थिंगच्या. ट्रान्झिस्टरचा संच उलट ध्रुवतेवर जोडल्यास क्षणार्धात निकामी होऊ शकतो. काही संचांत ध्रुवता बदलण्यासाठी फिरवता येणारी खुंटी किंवा पट्टी दिलेली असते. पेटीवरील खूण पाहूनच ती लावावी लागते. व्हॉल्व्ह दिष्टकारी असलेल्या साध्या व्हायब्रेटर संचाला ध्रुवतेची अडचण सहसा येत नाही. स्वतःच दिष्टीकरण करणाऱ्या व्हायब्रेटरला मात्र येते.

संपूर्ण मोटारीची ध्रुवता बदलणे हा दुसरा मार्ग आहे. त्यासाठी बॅटरी उलटी जोडून डायनॅमोला नव्याने ध्रुवता द्यावी लागते आणि इग्निशन कॉइलच्या व अँमिटरच्या तारांची अदलाबदल करावी लागते. हा बदल केल्यास त्याची सूचना बॉनेटखाली स्पष्ट लिहून ठेवणे अत्यावश्यक आहे. पुढच्या कारागिराने जुन्या समजुतीने बॅटरी जोडल्यास मोठे नुकसान होते.

प्रथम वीजपुरवठा

अनेक वर्षे पडून असलेला संच थेट बॅटरीला जोडू नये. मेणकागदी कंडेन्सरमधून गळती होते व विद्युतविश्लेषी कंडेन्सर सुकलेले असतात. व्हायब्रेटर संचात ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम वेटोळ्याला समांतर जोडलेला ‘बफर’ कंडेन्सर सर्वांत आधी बदलतात, कारण तो बिघडल्यास व्हायब्रेटर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळू शकतात. नवा कंडेन्सर मूळ मूल्याचा आणि उच्च दाब सहन करणारा असावा. संच बंद केल्यावरही आत घातक दाब काही काळ टिकून राहतो. म्हणून हे काम जाणकाराकडून करून घेणे हिताचे. पहिली चाचणी मोटारीबाहेर, योग्य फ्यूज लावून आणि स्पीकर जोडूनच करतात. स्पीकरशिवाय चालवल्यास काही जुन्या संचांतील शेवटचा ट्रान्झिस्टर खराब होतो. स्पीकरचा अवरोध संचावर लिहिल्याप्रमाणेच असावा लागतो.

एरियल व खरखर

मध्यम लहरींच्या ग्रहणात एरियलच्या तारेची धारिता महत्त्वाची असते. मोटार रेडिओची खास तार कमी धारितेची असते. तिच्याऐवजी साधी समाक्ष तार वापरल्यास दुर्बल केंद्रे ऐकू येत नाहीत. संचावर एरियलचा एक छोटा स्क्रू असतो. सुमारे १४०० किलोहर्ट्‌झजवळचे एखादे क्षीण केंद्र लावून आवाज सर्वाधिक होईपर्यंत तो फिरवतात. एरियलच्या बुडाशी रंग खरवडून पत्र्याशी चांगला संपर्क साधणे गरजेचे असते. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस तयार होऊ लागलेल्या ‘सॅन स्टॉर्म’सारख्या फायबर बॉडीच्या क्रीडामोटारीत असा पत्राच नसल्याने एरियलखाली धातूची पट्टी किंवा जाळी द्यावी लागते.

इंजिनाबरोबर वाढणारी टकटक स्पार्क प्लगच्या तारांतून येते. तिच्यासाठी रोधक टोप्या किंवा रोधक तारा वापरतात. इग्निशन कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकाला कंडेन्सर जोडतात; तो काँटॅक्ट ब्रेकरच्या टोकाला जोडल्यास इंजिनाचे प्रज्वलन बिघडते. डायनॅमोची शिट्टीसारखी कुरकुर त्याच्या मुख्य टोकाला कंडेन्सर जोडून कमी करतात. ‘फील्ड’ टोकाला तो कधीही जोडत नाहीत.

कोकण किनाऱ्यावरील परिस्थिती

मध्यम लहरींच्या भूतरंगांना खाऱ्या पाण्यावरून प्रवास करणे सोपे जाते, कारण समुद्राची विद्युतवाहकता जमिनीपेक्षा बरीच अधिक असते. त्यामुळे मालवणसारख्या किनारी भागात लांबची किनारी केंद्रे, विशेषतः रात्री, अपेक्षेपेक्षा स्पष्ट येतात. एफएमचे तरंग मात्र जवळपास सरळ रेषेत जातात. मालवण तालुक्यातील मसुरे हे गाव गड नदीच्या खोऱ्यात, भरतगडाच्या परिसरात वसले आहे. अशा डोंगरउताराच्या भागात एका वळणावर येणारे एफएम केंद्र पुढच्या वळणावर नाहीसे होऊ शकते.

खारी हवा व चार महिन्यांचा पाऊस यांमुळे एरियलचे बूड गंजते, स्पीकरच्या कागदी शंकूला बुरशी लागते आणि आवाजाच्या बटणात खरखर येते. झाकलेल्या मोटारीत हवा खेळती ठेवणे आणि पावसाळ्यातही संच अधूनमधून काही वेळ चालवणे यावर उपयोगी ठरते. सुट्या संचाला कोरड्या डब्यात सिलिका जेलसह ठेवतात.

आधुनिक रूपांतर आणि मूळपणाचा प्रश्न

जुना संच पूर्णपणे दुरुस्त झाला तरी तो किती ऐकवील, हा आता खरा प्रश्न आहे. प्रसारभारतीने गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींची व लघुलहरींची अनेक जुनी प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने बंद केली आहेत. जुन्या युरोपीय संचांचा एफएम पट्टा पुष्कळदा १०० किंवा १०४ मेगाहर्ट्‌झपर्यंतच असतो. त्यामुळे मुंबईच्या १०७.१ मेगाहर्ट्‌झवरील केंद्रापर्यंत त्यांचा काटा पोहोचत नाही. मध्यम लहरींवर भारतात दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्‌झचे अंतर असते. तबकडी व काटा असलेल्या संचाला याची अडचण येत नाही. मात्र १० किलोहर्ट्‌झच्या टप्प्यांनी सरकणारे नंतरचे अमेरिकी अंकीय संच १०४४ किलोहर्ट्‌झसारख्या वारंवारतेवर नेमके थांबत नाहीत.

यावर दोन उपाय प्रचलित आहेत. पहिल्यात मूळ पेटी व तबकडी ठेवून आतील यंत्रणा काढतात आणि एफएम व ब्लूटूथ असलेले नवे मंडल बसवतात. दुसऱ्यात मूळ संच जसाच्या तसा ठेवून छोटा आधुनिक ध्वनिवर्धक आसनामागे किंवा हातमोज्यांच्या कप्प्यात लपवतात. पहिल्या उपायात ऐंशी वर्षांपूर्वीचे कारागिरीचे काम कायमचे नष्ट होण्याचा धोका असतो. काढलेले भाग नोंदीसह जपून ठेवल्यासच तो बदल मागे घेता येतो. दुसरा उपाय सहज उलटवता येत असल्याने जतनाच्या दृष्टीने अधिक स्वीकारार्ह मानला जातो.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. त्यात रेडिओचा नावाने उल्लेख नाही. परंतु अभिजात मोटारींच्या प्रदर्शनांत परीक्षक डॅशबोर्डचा मूळपणा पाहतात. चुकीचा रेडिओ केव्हाही काढता येतो. तो बसवण्यासाठी कापलेला पत्रा किंवा लाकडी फळी मात्र पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणूनच कोणत्याही संचासाठी डॅशबोर्ड कापू नये, शक्यतो असलेलीच भोके वापरावीत आणि जागा नसल्यास संच डॅशबोर्डखाली पट्टीने टांगावा, हा या कामातील सर्वमान्य संकेत आहे.