विषुववृत्तापाशी बर्फ कसा?

आफ्रिकेचा नकाशा समोर घ्या आणि पूर्व किनाऱ्यावर टांझानिया शोधा. विषुववृत्ताची आडवी रेघ त्याच्या थोडी वरून जाते. त्या रेघेपासून दक्षिणेला जेमतेम 3 अंशांवर किलिमांजारो उभा आहे. उंची 5,895 मीटर, म्हणजे आख्ख्या आफ्रिकेत सगळ्यात उंच. बाराही महिने सूर्य डोक्यावर तळपणाऱ्या या मुलखात त्याच्या माथ्यावर चक्क हिमनद्या आहेत!

विश्वास बसत नाही ना? मोठमोठ्या पंडितांचाही बसला नव्हता. 1848 साली योहानेस रेबमान या जर्मन धर्मप्रसारकाने हा डोंगर पाहिला आणि वर बर्फ असल्याचं युरोपात कळवलं. तेव्हा घरबसल्या आफ्रिकेचे नकाशे अभ्यासणाऱ्या लंडनच्या एका भूगोलतज्ज्ञाने त्याला खोट्यात काढलं. विषुववृत्तापाशी बर्फ असूच शकत नाही, असं त्याचं ठाम मत. डोंगराच्या उतारावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चग्गा लोकांना मात्र तो पांढरा माथा रोजच दिसत होता.

आता एक गंमत पाहा. डोंगर चढताना आपण सूर्याच्या जवळ जातो, मग जास्त गरम व्हायला हवं की नाही? पण सूर्य आहे 15 कोटी किलोमीटर लांब. तिथे सहा किलोमीटरने काय फरक पडणार! खरी गोष्ट वेगळीच आहे. ऊन हवेतून खाली येताना हवेला फारसं तापवत नाही. ते तापवतं जमिनीला, आणि तापलेली जमीन आपल्या लगतच्या हवेला तापवते. ही गरम हवा वर चढते. वर हवेचा दाब कमी असतो, म्हणून ती पसरते, आणि पसरता पसरता थंड होत जाते. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरून बघा, हवा गार लागेल. तेच इथे आभाळभर चाललेलं असतं.

साधारण दर किलोमीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं. आता गणित करा. किलिमांजारोचा माथा पायथ्याच्या सपाटीपेक्षा सुमारे 5 किलोमीटर उंच आहे. खाली 28 अंश असतील, तर वर किती? शून्याच्याही खाली चार-साडेचार अंश!

किलिमांजारो डोंगरांच्या रांगेत नाही, एकटाच आहे. तो ज्वालामुखीने घडवलेला. शिरा, मावेन्झी आणि किबो अशी त्याची तीन तोंडं. सगळ्यात उंच किबो. तो सध्या शांत आहे, पण त्याच्या विवरातून गंधकाचा वास असलेले वायू अजूनही बाहेर येतात. असा एकटा डोंगर मैदानातून उठल्यामुळे एकाच चढणीत हवामानं बदलत जातात. खाली चग्गांच्या केळीच्या बागा, केळीच्या सावलीत कॉफीची झुडपं, आणि वरच्या ओढ्यांचं पाणी शेतात खेळवणारे जुने पाट. त्याच्या वर घनदाट जंगल. हिंदी महासागरावरून आलेले ओले वारे दक्षिण उतारावर अडतात आणि तिथे वर्षाला 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. त्याहून वर ढग विरळ होतात आणि झाडंही.

साधारण 4000 मीटरच्या आसपास मला या डोंगरावरची सगळ्यात आवडती गोष्ट भेटते. तिथली वनस्पती विलक्षण आहे. दिवसा कडक ऊन आणि रात्री पाणी गोठवणारी थंडी, असं वर्षभर रोज सोसायचं! हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे दिवसाची ऊब रात्री टिकतच नाही. अशा जागी डेंड्रोसेनेसियो नावाचं झाड उभं असतं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, पण चांगलं चार-पाच मीटर वाढतं. त्याची वाळलेली पानं गळून पडत नाहीत. ती खोडाभोवतीच लटकत राहतात आणि खोडाला जाड पांघरूण होतं. रात्र झाली की शेंड्याची पानं आत मिटतात आणि मधल्या कोवळ्या कोंबाला झाकून घेतात.

लोबेलिया नावाच्या तिथल्या दुसऱ्या वनस्पतीची युक्ती तर त्याहून भारी. तिच्या पानांच्या वाटीत पाणी साठलेलं असतं. रात्री त्या पाण्याचा वरचा थर गोठतो, पण बर्फाखालचं पाणी पाणीच राहतं. त्याच्या आडोशाला कोंब सुखरूप असतो. थंडीशी झुंजायला थंडगार पाणीच कामाला लावायचं, हे डोकं वनस्पतीने चालवलंय!

याच्याही वर नुसते दगड आणि राख. पाऊस जवळपास नाहीच, म्हणून हे उंचावरचं वाळवंट. आणि मग माथ्यावर हिमनद्यांच्या उभ्याच्या उभ्या भिंती. 2000 साली संशोधक लॉनी थॉम्पसन यांच्या पथकाने त्या बर्फात खोल छिद्रं पाडून लांबच्या लांब कांड्या काढल्या. सगळ्यात खालचा बर्फ सुमारे 11,700 वर्षांपूर्वीचा असावा, असा त्यांचा अंदाज आहे.

हा बर्फ झपाट्याने संपतोय. 1912 मध्ये तो सुमारे 12 चौरस किलोमीटरवर पसरला होता, आणि 2011 पर्यंत त्यातला 85 टक्के गेला. हवा कोरडी झाली, नवा बर्फ कमी पडू लागला. जुना बर्फ उन्हाने वितळतो, काही तर पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जातो. पृथ्वी तापते आहे, त्याचाही यात हात आहे. 2050 पर्यंत इथल्या हिमनद्या नाहीशा होतील, असं युनेस्कोने 2022 मध्ये म्हटलं. मला याचं फार वाईट वाटतं.

तेव्हा किलिमांजारोचा फोटो दिसला की तो कोणत्या वर्षीचा आहे, ते आधी बघा. आणि सगळा माथा पांढरा दिसला म्हणून फसू नका. तो नुकताच भुरभुरलेला ताजा बर्फ असू शकतो, काही दिवसांत जाणारा. जाड कडा असलेले, भिंतीसारखे तुकडे शोधा. खऱ्या हिमनद्या त्याच.