घर रस्त्यालगत घेताय?

मैत्रिणींनो, ‘रोडटच’ घर म्हटलं की घरातल्या मंडळींचे डोळे लकाकतात. पण दिवसभर त्या घरात वावरायचं असतं आपल्याला!

अहिल्यानगर जिल्ह्यातला नगर-मनमाड रस्ताच घ्या. राहुरी, कोल्हार, शिर्डी, कोपरगाव सारी याच रस्त्यावर. एस.टी., दवाखाना हाताशी. पुढे गाळा काढला तर भाडंही येतं. मात्र उन्हाळ्यातल्या दुपारी पाहिलेलं घर आणि उसाच्या हंगामातलं घर यांत जमीन-अस्मानाचं अंतर! तेव्हा रात्रीसुद्धा उसाचे ट्रॅक्टर धडधडतात, त्यात शिर्डीच्या गाड्या. निवासी भागात रात्री आवाज ४५ डेसिबलच्या आत हवा, असा २००० सालचा नियम आहे. पण नियमानं का कुणाला झोप लागते?

म्हणून इसार देण्याआधी रात्री दहानंतर तिथं तासभर थांबा. शेजारणीला विचारा, “झोप लागते का हो? धूळ दिवसातनं कितीदा पुसता?” ती खरं तेच सांगेल. रस्ता रुंद झाला तर ओटा जाईल का, याची कचेरीत चौकशी करा. निजायची खोली मागल्या अंगाला आणि पुढे भक्कम फाटक हवंच.

रांगतं मूल घरात असेल, तर गाळ्याच्या भाड्याचा हिशेब त्यानंतर!