दाराबाहेरच्या उमेदवाराची तक्रार

सरकारी खर्चाने चालणाऱ्या व्यवसाय-प्रशिक्षणात भेदभाव होतो काय, असे विचारले की तक्रारींची नोंदवही पुढे केली जाते. वही कोरी असली म्हणजे सर्व आलबेल आहे, असा निष्कर्ष काढून विषय संपविण्यात येतो. हा निष्कर्ष किती फसवा आहे, हे ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांकडे पाहिले असता ध्यानात येते.

दोन्ही तालुक्यांत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. शहापुरात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, तर मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे. म्हणजे शाळेपासून कारखान्यापर्यंतची वाट कागदोपत्री तरी बांधून तयार आहे. या वाटेच्या दुतर्फा ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी यांच्या वाड्या पसरल्या आहेत. कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर कातकऱ्यांची गणना केंद्र सरकारने विशेष दुर्बल आदिवासी गटांत केलेली आहे. त्यांच्यातील अनेक कुटुंबे बयाणा घेऊन दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात.

अशा घरातला मुलगा दहावी उत्तीर्ण झाला, तर राखीव जागेसाठी त्याला जमातीचा दाखला लागतो. त्याकरिता कुटुंबाचे वास्तव्य ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासूनचे असल्याचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आजोबांनी शाळेची पायरी चढलेली नाही आणि ज्याच्या घराण्याच्या नावे सातबारा नाही, त्याने हा पुरावा आणावा कोठून? शिवाय शहापूरकरांचे प्रांत कार्यालय भिवंडीस आणि मुरबाडकरांचे कल्याणास. प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी बुडते, आणि दाखला हाती येईपर्यंत प्रवेशाची मुदत टळून जाते. या सबंध प्रवासात त्याला स्पष्ट शब्दांत ‘नाही’ असे कोणीच म्हटलेले नसते. मग तक्रार करावी ती कोणाविरुद्ध? नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात दाखल्यांची शिबिरे भरविण्यात आली, हे स्वागतार्हच आहे. परंतु शिबिर म्हणजे हक्क नव्हे. शिबिराच्या दिवशी जो भट्टीवर असतो, तो पुन्हा मागेच राहतो.

प्रशिक्षणाच्या पुढची पायरी कारखान्यातील शिकाऊ उमेदवारीची. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याचे बंधन मालकांवर घातले. खासगी कारखानेही त्यातून सुटलेले नाहीत. मुरबाडच्या वसाहतीशेजारी राहणाऱ्या किती तरुणांना हे ठाऊक असेल? याच कायद्यानुसार मालक व उमेदवार यांच्यात करारावरून वाद उद्भवला, तर तो शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो आणि त्याच्या निर्णयावर ३० दिवसांत अपीलही करता येते. मात्र ज्याला घेतलेच नाही, त्याचा करार कोठून असणार? आत शिरलेल्यास दाद मागण्याची वाट आहे, दारातून परतलेल्यास ती नाही. खरी मेख आहे ती येथेच.

अमेरिकेने या बाबतीत काय केले, ते पाहण्यासारखे आहे. तेथील २०१४ च्या मनुष्यबळविषयक कायद्यात सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रशिक्षणात भेदभावास मनाई आहे आणि तिचे संरक्षण अर्जदारासही मिळते. संस्थेने समान संधी अधिकारी नेमावा, तक्रार १८० दिवसांत करता यावी आणि संस्थेने ९० दिवसांत निर्णय द्यावा, असे तेथील नियम सांगतात. तेथे भेदभाव संपला, असे नव्हे. पण तक्रारीला निदान पत्ता आहे आणि मुदतही आहे.

शहापूर-मुरबाडसाठी एवढे तरी करता येण्याजोगे आहे. चौकशीस आलेल्या प्रत्येक उमेदवाराची नोंद व्हावी आणि प्रवेश नाकारल्यास कारण लेखी द्यावे. तक्रार ऐकणारा अधिकारी संस्थेबाहेरचा असावा; आदिवासी उमेदवारांपुरता तो शहापूरच्या प्रकल्प कार्यालयात बसू शकेल. निर्णय जागा भरण्यापूर्वी लागावा, कारण वर्ष वाया गेल्यावर मिळालेला न्याय भट्टीवरून मुलाला परत आणत नाही.

यामुळे खोट्या तक्रारींचा सुळसुळाट होईल, अशी भीती प्राचार्यांस वाटणे स्वाभाविक आहे. पण नियमाने वागणाऱ्या प्राचार्याचे रक्षण लेखी कारणानेच होते. खर्चाचा आक्षेपही टिकणारा नाही. निदेशकाचा पगार आणि यंत्रांची किंमत जागा भरली काय किंवा रिकामी राहिली काय, सरकारी तिजोरीतून जातेच. ज्याच्यासाठी हा पैसा बाजूला काढला, त्याच्यापर्यंत तो पोहोचत नसेल, तर नोंदवही कोरी असण्यात समाधान मानण्याजोगे काही नाही. येत्या प्रवेशाच्या हंगामापूर्वी तीत दारावरून परतलेल्यांसाठी एक रकाना आखावा, म्हणजे खरी परिस्थिती प्रथमच सर्वांपुढे येईल.