साखरेशी संसार (भाग ७) : घेतलं का नाही घेतलं?

माझे मामा नांदुरा तालुक्यात पूर्णेकाठी राहतात. वय बहात्तर, शुगर सतरा वर्षांची, इन्सुलिन सहा वर्षांपासून. मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत एका रात्री ते ताटावर बसले आणि पहिला घास हातातच थांबला.

"मी इंजेक्शन घेतलं काय वं?"

"मले काय माहीत? मी भाकरी टाकत होती," मामी म्हणाली.

बाटली फ्रिजमध्ये होती. सिरिंज डब्यात होती. पोटावर खूण शोधून सापडणार नव्हती, कारण इतक्या बारीक सुईची खूण सहसा राहतच नाही. दोघांनी विचार करून ठरवलं की घेतलं नसावं. मामांनी वीस युनिट टोचले आणि जेवले. रात्री दोनच्या सुमारास मामी उठली ती त्यांच्या कण्हण्याने. सदरा घामाने चिंब, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. शुद्ध होती म्हणून तिने गुळाचं पाणी घोटघोट पाजलं. पंधरा मिनिटांनी ते माणसांत आले. वीस युनिट त्यांनी सातलाच घेतले होते, हे दोघांना तेव्हा उमगलं.

मामांचं इन्सुलिन म्हणजे मागच्या भागात लिहिलेलं तीस-सत्तरचं मिश्रण. त्यातला तीस टक्के भाग लवकर काम करतो, सत्तर टक्के भाग सावकाश, बारा तास आणि त्याहूनही अधिक. सातचा डोस अंगात काम करत असतानाच त्यावर साडेआठचा पडला. इन्सुलिनवर इन्सुलिन चढलं. पाश्चात्त्य देशांत डॉक्टर आणि अभियंते गेली काही वर्षं ज्या स्मार्ट पेनावर काम करताहेत, ते मुळात मामांच्या त्या एका प्रश्नासाठी आहे : घेतलं का नाही घेतलं?

टोरांटोत १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. पुढची साठेक वर्षं बाटली आणि सिरिंज हाच मुख्य मार्ग होता. १९८५ मध्ये डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने पेन आणलं. दिसायला शाईच्या पेनासारखं. आजच्या पेनात आत तीन मिलीचं काडतूस असतं आणि मागे फिरवायची चकती. चकती वीसवर आणा, सुई टोचा, बटण दाबा, दहापर्यंत मोजा आणि मग सुई काढा. डोळे अधू झालेल्या माणसाला चकतीची टिकटिक ऐकू येते, ही त्या पेनाची मोठी सोय.

स्मार्ट पेन म्हणजे याच पेनाला दिलेली आठवण. बटण दाबलं की आतला संवेदक चकती किती फिरली ते मोजतो आणि युनिट व वेळ टिपून ठेवतो. नोव्होपेन ६ मध्ये शेवटचे ८०० डोस साठतात. पेनाच्या बुडाला छोटा पडदा असतो, त्यावर शेवटचा डोस किती युनिटचा होता आणि त्याला किती वेळ झाला ते दिसतं. मोबाइलला टेकवलं की सगळी नोंद त्यात उतरते. त्याची बॅटरी चार्ज करावी लागत नाही, चार-पाच वर्षं चालते आणि ती संपली की पेन बदलायचं. अमेरिकेत २०१६ मध्ये परवानगी मिळालेलं इनपेन याहून पुढे जातं. ते ब्लूटूथने मोबाइलशी बोलतं, डोस चुकला तर आठवण करतं, मघाचं किती इन्सुलिन अजून अंगात शिल्लक आहे याचा हिशेब सांगतं आणि पेन फार तापलं तर इशारा देतं. तिसरा प्रकार टोपीचा. साध्या पेनावर बसवायची टोपी किंवा बटण, बाकी पेन तेच.

याने खरंच फरक पडतो का? स्वीडनमध्ये टाइप १ च्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नोंद ठेवणारं पेन वापरल्यावर जेवणाच्या वेळी चुकणारे डोस ४३ टक्क्यांनी कमी झाले आणि साखर योग्य पट्ट्यात राहण्याचा वेळ दिवसाला जवळजवळ दोन तासांनी वाढला. आकडा चांगला आहे, पण तो वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. खर्च पेन बनवणाऱ्या कंपनीचा होता. त्या रुग्णांच्या अंगावर साखर सतत मोजणारे सेन्सर होते. आणि पेनातली नोंद डॉक्टर त्यांच्यासोबत बसून बघत होते. माझ्या मते सगळ्यात मोठं औषध ही तिसरी गोष्टच होती. कुणी बघणारच नसेल तर ८०० डोसांची नोंद काय कामाची?

पेनाला कळत नाही असंही बरंच आहे. सुई कातडीत होती की बाहेर, हे त्याला कळत नाही. तीस-सत्तरचं काडतूस दुधासारखं एकजीव होईपर्यंत तळहातांत घोळवलं का, हे कळत नाही. रोज त्याच जागी टोचून पोटावर गाठ झाली असेल आणि त्या गाठीत इन्सुलिन अडकून बसत असेल, तर पेन म्हणेल, वीस युनिट गेले. गेले खरे, पण वेळेवर पोचले नाहीत.

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे येऊ. इथे आज बहुतेकांच्या हातात बाटली आणि सिरिंज असते, नाहीतर साधं पेन. पेन घेण्याआधी एक गोष्ट जिवाच्या मोलाची आहे. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलीत ४० युनिटचं असतं आणि पेनाच्या काडतुसातलं १०० युनिटचं. ४० च्या सिरिंजला लाल टोपण, १०० च्या सिरिंजला केशरी. पेन बिघडलं म्हणून कुणी काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं आणि वीसच्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात वीस नव्हे, पन्नास युनिट जातात. उलट, ४० ची बाटली आणि केशरी टोपण अशी जोडी जमली तर वीसच्या रेघेला फक्त आठ युनिट. ही चूक जगातलं कुठलंही स्मार्ट पेन पकडू शकत नाही, कारण ती पेनाच्या बाहेर होते.

दुसरी गोष्ट उन्हाची. बुलढाणा गाव घाटावर, तिथे मे महिन्यातही रात्री जरा हायसं वाटतं. पण घाटाखाली मलकापूर, खामगाव, शेगाव, जळगाव जामोदकडे पारा चाळिशी कधी ओलांडतो ते कळतही नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीजरमध्ये कधीच नाही. चालू असलेलं पेन किंवा बाटली साधारण ३० अंशांच्या आत, सहसा चार आठवडे. ज्या घरात फ्रिज नाही किंवा लाइट टिकत नाही, तिथे दोन मातीची भांडी एकात एक ठेवून मधे ओली वाळू भरा आणि आतल्या भांड्यात कोरड्या डबीत इन्सुलिन ठेवा. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतल्या घरांसारख्या २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात इन्सुलिन चार आठवडे टिकतं, हे जिनिव्हा विद्यापीठ आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं. पण दुपारी वावराच्या बांधावर, मोटारसायकलच्या डिकीत काय होतं, ते तुम्हाला माहीत आहेच. तिथे पेन ठेवू नका.

मग स्मार्ट पेन घ्यावं कुणी? माझं मत स्पष्ट आहे. टाइप १ ची मुलं, ज्यांना दिवसातून चार-चार वेळा टोचून घ्यावं लागतं आणि शाळेत आई सोबत नसते. म्हातारे आईवडील, ज्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि रोज रात्री फोनवर विचारतो. शेगावहून पालखीसोबत महिनाभर पायी पंढरीला चालणारा मधुमेही वारकरी, ज्याच्या जेवणाची वेळ रोज नव्या गावी ठरते आणि चालण्याने साखर आपसूक उतरते. यांना परवडत असेल आणि डॉक्टरांना ती नोंद वाचायची तयारी असेल, तर त्या पैशाचं चीज होईल. बाकीच्यांनी आधी सुया, पट्ट्या आणि ग्लुकोमीटर यांवर खर्च करावा. एक सुई पंधरा दिवस वापरायची आणि पेन मात्र हजारोंचं, हा हिशेब मला पटत नाही.

मामांकडे आता काय आहे ते सांगतो. फ्रिजच्या दाराला दोरीने बांधलेली शाळेची दोनशे पानी वही. सुई टोचली की हात धुवायच्या आधी त्यात तारीख, वेळ, युनिट आणि ग्लुकोमीटरचा आकडा. पहिले दोन महिने मामीच लिहायची, आता मामा लिहितात. खामगावच्या डॉक्टरांनी ती वही चाळली आणि गुरुवारच्या उपवासाला डोस कमी करायला सांगितला, कारण तीन गुरुवारी साखर ७० च्या खाली गेल्याचं त्यात दिसलं. त्यासाठी बॅटरी लागली नाही.

तुमच्या घरी कुणाला असा प्रश्न पडला, की घेतलं का नाही, तर अंदाजाने दुसरा डोस टोचू नका. आधी साखर तपासा, डॉक्टरांना फोन लावा आणि ते सांगतील तसं करा. टाइप १ असेल तर डोस बुडणंही तितकंच घातक, म्हणून फोनला उशीर नको.

आणि आज हा अंक बाजूला ठेवल्यावर एक काम करा. घरातली इन्सुलिनची बाटली हातात घ्या, तिच्यावर ४० लिहिलंय की १०० ते वाचा, मग सिरिंजच्या टोपणाचा रंग बघा. जुळत नसेल तर ती सिरिंज वापरू नका. पुढचा डोस घेण्याआधी बाटली आणि सिरिंज दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे किंवा मेडिकलवर जा.