आठ अक्षरांच्या वाटेने स्पॅनिश

सेवाग्रामच्या आश्रमातली सर्वधर्म प्रार्थना भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाने एकदा कान देऊन ऐकावी. तिच्यात जपानी मंत्र आहे, अरबी आयती आहेत, अवेस्तातली पारशी प्रार्थना आहे, संस्कृत श्लोक आहेत आणि भजने आहेत. जपानी मंत्र निप्पोनझान म्योहोजी या जपानी बौद्ध पंथाच्या भिक्षूंबरोबर इथे आला. जपान दुसऱ्या महायुद्धात उतरल्यावर ब्रिटिश सरकारने आश्रमातल्या भिक्षूला अटक केली, पण मंत्र प्रार्थनेत राहिला. ज्यांनी जपानी किंवा अरबी लिपीचे एक अक्षरही गिरवलेले नाही अशी वर्धा जिल्ह्यातली माणसे हे सगळे न अडखळता म्हणतात. लयीत सामूहिकपणे म्हटलेली परकी भाषा किती खोलवर रुजते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला ठाऊक नाही. पण त्याच प्रार्थनेतून कुणी जपानीत पाणी मागायला शिकत नाही, हेही तितकेच खरे. गाण्यातून स्पॅनिश शिकता येते का, या प्रश्नाचे उत्तर या दोन गोष्टी एकत्र धरल्या तरच सापडते. गाणे कान आणि जीभ तयार करते, वाक्याचा साचा मनात पक्का बसवते. त्या साच्यात स्वतःचे शब्द भरण्याचे काम मात्र सूर थांबल्यावर वेगळे करावे लागते. आणि मराठी माणसाच्या बाबतीत यातला पहिला भाग फार मोलाचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

वर्ध्यात स्पॅनिश ही कल्पनेतली गोष्ट नाही. 1997 साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात हिंदीच्या जोडीने परकी भाषाही शिकवल्या जातात आणि त्यांत स्पॅनिश आहे. मराठी विद्यार्थ्याची पहिली अडचण अशी की त्याच्या हातातले पुस्तक रोमन लिपीत असते आणि रोमन अक्षरे दिसताच शाळेत शिकलेले इंग्रजी उच्चार जिभेवर येतात. इंग्रजी ‘टी’ आणि ‘डी’ आपण ट आणि ड म्हणून ऐकतो. स्पॅनिशमध्ये मात्र दाताला जीभ लावून म्हटलेले त आणि द आहेत. इंग्रजांना स्पॅनिश शब्दाच्या आरंभी प, त, क म्हणताना श्वासाचा फुत्कार आवरावा लागतो; आपले प, त, क मुळातच तसे कोरडे आहेत. स्वरही पाचच आणि स्वच्छ: आ, ए, ई, ओ, ऊ. म्हणजे सामग्री घरातच असते, पण लिपीच्या आडून ती विद्यार्थ्याला दिसत नाही. म्हणून आधी गाणे ऐकावे, मग कागद पाहावा. कानाने घेतलेला त पुढे पुस्तक उघडल्यावरही त राहतो.

याहून जवळचे नाते छंदाचे आहे. स्पॅनिश लोकगीतांचा सर्वांत रूढ चरण आठ अवयवांचा, म्हणजे आठ उच्चारखंडांचा. क्यूबाचे कवी होसे मार्ती यांनी 1891 साली प्रसिद्ध केलेल्या साध्या कविता याच मापाच्या, आणि ‘ग्वांतानामेरा’ या गाण्यातून त्यांतली कडवी जगभर गायली गेली. आठाचे हे माप आपल्या ओळखीचे आहे. लहान अभंगाचा चरण आठ अक्षरांचा, अनुष्टुभाचाही आठाचा. आणि वर्ध्यातच 1930–31 मध्ये विनोबांनी रचलेल्या गीताईचे बहुतेक श्लोक आठ अक्षरी चरणांत चालतात. फरक असा की स्पॅनिशमध्ये एका शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढच्या शब्दाच्या आरंभीचा स्वर एकाच ठोक्यात मिसळतात. ‘मी आमीगा एस्ता आकी’, म्हणजे ‘माझी मैत्रीण इथे आहे’, यात लिहिताना आठ अवयव दिसतात आणि बोलताना पाचच उरतात. शब्द सुटे वाचणाऱ्याला स्पॅनिश माणसाचे बोलणे भरधाव वाटते, त्याचे मोठे कारण हे मिसळणे आहे. व्याकरणाच्या पुस्तकात याला एक परिच्छेद मिळतो. गाण्यात मात्र ते टाळून पुढे जाताच येत नाही, कारण स्वर मिसळले नाहीत तर ओळ तालात बसत नाही आणि चूक गाणाऱ्याला स्वतःलाच कळते.

गाण्याने भाषा रुजते ही निव्वळ भाबडी श्रद्धा नाही. एडिनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 60 प्रौढांना हंगेरियन वाक्ये शिकवली: काहींना बोलून, काहींना तालात म्हणून, काहींना गाऊन. पंधरा मिनिटांच्या अभ्यासानंतर हंगेरियन आठवून म्हणण्यात गाणारे पुढे होते, आणि हा फरक वय किंवा संगीताच्या जाणकारीने समजावता येण्यासारखा नव्हता. ‘मला सूर नाही’ म्हणून मागे हटणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वॉन्डा वॉलेस यांच्या 1994 सालच्या प्रयोगांत मात्र एक अट पुढे आली: तीच चाल कडव्यामागून कडव्याला आली तरच शब्द लक्षात राहायला मदत झाली. चाल एकदाच ऐकवली तेव्हा तिचा उपयोग झाला नाही. म्हणून रोज नवे गाणे लावून पाठीमागे वाजू देणे हा अभ्यास नव्हे.

गाणे उच्चार बिघडवते हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. स्पॅनिशमध्ये आघाताने अर्थ बदलतो. ‘आब्लो’ हा शब्द पहिल्या अवयवावर जोर देऊन म्हटला तर ‘मी बोलतो’, शेवटच्यावर जोर दिला तर ‘तो बोलला’. मराठीत आघाताला असे काम नसल्याने आपला कान तिकडे लक्षच देत नाही, आणि संगीतकाराने ठोका भलतीकडे टाकला तर चूक पक्की होते. शिवाय कॅरिबियन गायक स गिळतात, गाण्यांत बोलीतले शब्द येतात. यावर उपाय साधा आहे, पण तो करावा लागतो: गायलेली प्रत्येक ओळ चालीशिवाय, बोलल्यासारखी म्हणून पाहायची. आरंभाला जुनी, संथ आणि स्पष्ट शब्दांची गाणी निवडायची.

गाणे म्हणजे अर्थ न कळता केलेली पोपटपंची, या दुसऱ्या आक्षेपाला विनोबांच्या अभ्यासात उत्तर आहे. कुराण मुळातून समजावे म्हणून ते अरबी शिकले, आणि उच्चारांसाठी रेडिओवरचे कुराणपठण लक्ष देऊन ऐकत. त्यांनी नाद आणि अर्थ दोन्हींवर मेहनत घेतली. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही. स्पॅनिशसाठीही हेच करता येते. मानू चाओचे 2001 सालचे ‘मे गुस्तास तू’ हे गाणे एकाच रचनेवर उभे आहे, आणि ती रचना हुबेहूब आपली आहे. त्याच साच्यातले एक वाक्य घ्या: ‘मे गुस्ता ला लूना’, मला चंद्र आवडतो. आवडणारी वस्तू कर्ता, आणि वस्तू अनेक झाल्या की ‘गुस्ता’चे ‘गुस्तान’ होते, जसे ‘आवडतो’चे ‘आवडतात’. इंग्रजीतून शिकणारा इथे अडखळतो. मराठीतून येणाऱ्याला फक्त लिंग सांभाळावे लागते, कारण आपला आकारान्त घोडा पुल्लिंगी आणि त्यांची आकारान्त लूना स्त्रीलिंगी. गाण्यात ‘ला’ हे स्त्रीलिंगी उपपद शब्दाला चिकटूनच येते, म्हणून लिंग वेगळे पाठ करावे लागत नाही. कडवे पुरे पाठ झाले की चाल सोडायची आणि गाण्यातल्या वस्तूंच्या जागी संत्री, आई, धाम नदी घालून तीच वाक्ये बोलायची. मग नकार घालायचा, मग प्रश्न विचारायचा, आणि समोरच्याने उत्तर दिले की पुढचे कडवे घ्यायचे.