येणारा सिंहस्थ आणि येणारा कॅमेरा

उज्जयिनी ही कालगणनेची नगरी. भारतीय ज्योतिर्गणिताने आपली मध्यरेषा याच नगरीवरून ओढली, आणि सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेली वेधशाळा आजही येथे उभी आहे. गुरू सिंह राशीत आला की शिप्रेच्या काठी सिंहस्थ भरतो. गुरूची सूर्यप्रदक्षिणा सुमारे ११.८६ वर्षांची, म्हणून २०१६ नंतरचे पर्व २०२८ साली येणार, हे सांगावयास भविष्यवेत्ता लागत नाही. पंचांगकर्ता पुरे.

परंतु फ्रीगंजातील किंवा छत्री चौकातील एखाद्या तरुण छायाचित्रकारापुढे आज दुसऱ्याच एका आगमनाचा प्रश्न आहे. नवा मिररलेस कॅमेरा आता घ्यावा, की लवकरच येणार म्हणून ज्याची वार्ता आहे त्याची वाट पाहावी? हा हौशी माणसाचा चाळा नव्हे. लग्नसराईच्या कमाईवर ज्याचे घर चालते, त्याला हा खर्च बहुधा कर्ज काढूनच करावा लागतो. आणि सिंहस्थ काही दर वर्षी येत नाही. निर्णय चुकला तर हप्ते राहतात, आणि पर्व निघून जाते.

आपल्या ज्योतिषशास्त्राने गणित आणि फलित असे दोन भाग मानले आहेत. येणाऱ्या कॅमेऱ्याविषयी ज्या वार्ता पसरतात, त्या बहुतांशी फलिताच्या वर्गातल्या. तथापि या विषयातही गणिताने सांगता येण्यासारखे पुष्कळ आहे. आज तेवढेच पाहू.

प्रथम या यंत्राचे स्वरूप. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक तिरपा आरसा असे. भिंगातून आलेला प्रकाश तो वर वळवी आणि लोलकामार्फत आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचवी. चित्र टिपताना आरसा क्षणभर वर उचलला जाई. मिररलेस कॅमेऱ्यात हा आरसाच नाही. प्रकाश सतत सेन्सरवर पडतो, आणि सेन्सरने पाहिलेले दृश्य डोळ्यापुढच्या लहानशा पडद्यावर उमटते. पॅनासॉनिकने २००८ साली असा पहिला कॅमेरा आणला. पस्तीस मिलिमीटर फिल्मएवढ्या पूर्ण आकाराचा सेन्सर घेऊन सोनीचा ए७ हा २०१३ साली आला. आरसा गेल्याने यंत्र हलके झाले, आणि टिपण्यापूर्वीच चित्र कसे येईल ते दिसू लागले. परंतु पूर्वी डोळा फुकट पाहत होता, तो आता विजेच्या खर्चाने पाहू लागला.

म्हणून बॅटरीचा विचार अगत्याचा. निकॉनचा डी८५० हा आरशाचा कॅमेरा २०१७ साली आला. एका बॅटरीवर त्याची १८४० चित्रे होत. सोनीच्या पहिल्या ए७ ची होत अवघी ३४०. पुढे २०१८ साली त्याच घराण्यातील तिसरा कॅमेरा आला आणि हा आकडा ७१० झाला. केवढी प्रगती! पण जरा बॅटरीकडेही पाहावे. पहिल्या कॅमेऱ्याच्या बॅटरीत ७.३ वॉट-तास ऊर्जा मावत होती, तिसऱ्याच्या बॅटरीत १६.४ मावते. म्हणजे ऊर्जा सव्वादोन पट झाली आणि चित्रे दुपटीहून थोडी अधिक झाली. यंत्र काटकसरी झाले नव्हते. त्याची शिदोरी मोठी झाली होती. २०२१ सालच्या चौथ्या कॅमेऱ्यात बॅटरी तीच राहिली, आणि आकडा ५८० वर उतरला. अधिक बारीक चित्र आणि अधिक वेगवान गणनयंत्र यांची भूक अधिक होती. यावरून येणाऱ्या कॅमेऱ्यासंबंधी एक साधा प्रश्न हाती लागतो: बॅटरी नवी आहे की जुनीच? ती जुनी असेल, तर मोठ्या चमत्काराची आशा धरू नये.

हे आकडे जपानी उत्पादकांच्या संघटनेने ठरविलेल्या कसोटीचे असतात. तेवीस अंश उष्मा, दर तीस सेकंदांस एक चित्र, दहा चित्रांनंतर यंत्र बंद करून पुन्हा चालू करावयाचे, असा तिचा नेम. रामघाटावर असा नेम कोण पाळणार? भराभर चित्रे टिपणाऱ्यास एका बॅटरीत हजाराहून अधिक मिळतील. उलट शाही स्नानाच्या मिरवणुकीची वाट पाहत दोन तास पडद्याला डोळा लावून बसणाऱ्याची बॅटरी शंभर चित्रांतही संपू शकेल. गर्दीतून बाहेर पडून ती भरून आणणे अशक्यच. तेव्हा खिशात भरलेल्या दोन जादा बॅटऱ्या हव्यातच. दहा हजार मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॉट-तास असतात. वाटेतील घट वजा जाता त्यातून अशा बॅटरीचे दीड भरण निघते, अधिक नाही.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. २०१६ चा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे असा भरला होता. त्या दिवसांत माळव्याचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि बहुतेक कॅमेऱ्यांची निर्मात्याने सांगितलेली मर्यादा चाळीस अंशांचीच असते. कॅननचा आर५ हा २०२० साली आला, तेव्हा सर्वांत बारीक प्रतीचे चलच्चित्रण तो तेवीस अंशांत सुमारे वीस मिनिटे करी, मग तापून थांबे. नव्या यंत्राच्या जाहिरातीत चलच्चित्रणाची प्रत मोठ्या अक्षरांत येते. ते किती वेळ आणि किती उष्म्यात चालते, हे बारीक अक्षरांत. आपण बारीक अक्षरे आधी वाचावीत.

तिसरा प्रश्न सेन्सरच्या वाचनवेगाचा. यांत्रिक पडद्यावाचून चित्र टिपताना पुष्कळसे सेन्सर ओळीमागून ओळ असे वाचले जातात. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा मंदावतात. वाचन संथ असेल तर रात्रीच्या घाटावरील चित्रात आडवे काळे पट्टे उमटतात. सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचणारा पूर्ण आकाराचा पहिला कॅमेरा, सोनीचा ए९ तिसरा, २०२३ साली आला. परंतु त्याची अमेरिकेतील किंमत सहा हजार डॉलर होती. ज्याला हे परवडत नाही, त्याने यांत्रिक पडदा असलेलाच कॅमेरा निवडावा.

आता किंमत. पहिला ए७ अमेरिकेत १,६९९ डॉलरला आला, तिसरा १,९९९ ला, चौथा २,४९९ ला, आणि २०२५ च्या डिसेंबरातील पाचवा सुमारे २,९०० ला. तिसऱ्याच्या वेळी डॉलर सुमारे ६५ रुपयांचा होता आणि कॅमेऱ्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. हिशेब केला तर १ लाख ६६ हजार येतात. भारतात किंमत जाहीर झाली ती १,६४,९९० रुपये. २०१९ च्या आरंभी कर १८ टक्क्यांवर आला. २०२२ साली चौथा येथे आला तेव्हा ७४ रुपयांच्या डॉलरने हिशेब २ लाख १८ हजारांचा होई. प्रत्यक्ष किंमत २,४२,४९० रुपये. तेव्हा डॉलरातील किंमत रुपयांत करावी, कर मिळवावा, वर दहा-बारा टक्के धरावेत. अंदाज फारसा चुकू नये. भिंग, जादा बॅटऱ्या आणि स्मृतिपत्रिका यांचा खर्च निराळा.

राहिला वाट पाहण्याचा प्रश्न. या घराण्यातील दुसरा कॅमेरा पहिल्यानंतर वर्षभरात आला. पुढची अंतरे सव्वातीन, साडेतीन आणि चार वर्षांची झाली. अंतर वाढत आहे. हाच क्रम राहिला तर सहावा कॅमेरा सिंहस्थ आटोपल्यावरच येईल. अन्य कंपन्यांचे कॅमेरे मधल्या काळात येतील. परंतु नव्या यंत्राचे दोष पहिल्या काही महिन्यांत उघडे पडतात, आणि त्याची कळ बोटांच्या अंगवळणी पडावयास एक लग्नसराई तरी जावी लागते. म्हणून २०२७ च्या दिवाळीपर्यंत जे यंत्र दुकानात प्रत्यक्ष हाताळता येईल, त्यातूनच निवड करावी. त्यानंतरच्या वार्ता ऐकाव्यात आणि सोडून द्याव्यात. नवे यंत्र आले की मागील पिढीचे स्वस्त होते, हेही ध्यानात असू द्यावे. कर्जाचा भार हलका करण्याचा तोच सरळ मार्ग आहे.

गुरू आपल्या वेळेस सिंहेत येईल. त्या पहाटे घाटावर ज्याच्या हाती ओळखीचा कॅमेरा आणि खिशात भरलेल्या बॅटऱ्या असतील, त्याला अधिक नव्या यंत्राची उणीव भासणार नाही.