शून्य ते शंभरची रेघ

एक कोरी रेघ; डाव्या टोकाला ०, उजव्या टोकाला १००. बालवाडीतले मूल १० ची जागा बरीच उजवीकडे दाखवते. त्याच्या मनात लहान संख्या ऐसपैस बसलेल्या असतात, मोठ्या संख्या शेवटी दाटीवाटीने. ही चूक आंधळी नव्हे. तिला लॉगॅरिदमसारखी शिस्त असते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीगलर आणि जॉन ओप्फर यांनी अमेरिकेत २००३ मध्ये दाखवले, की दुसरीतली मुले ० ते १०० पर्यंत अंतरे बऱ्यापैकी समान राखतात. रेघ १००० पर्यंत नेली, की तीच मुले पुन्हा दाटीवाटीकडे वळतात. सहावीपर्यंत ही दाटीवाटीही सुटते. सीगलर व गीता रमाणी यांच्या प्रयोगात १ ते १० आकड्यांच्या सरळ पटावर थोडा वेळ खेळून गरीब घरांतल्या बालकांचे रेघेवरचे अंदाज सुधारले. नुसत्या रंगांच्या पटाने मात्र सुधारले नाहीत.